आधी ईसीजी काढा, उपदेश नंतर करा

हृदयविकाराचा झटका गरीब-श्रीमंत पाहत नाही, जात-धर्म पाहत नाही, असे डॉक्टर मंडळी व्यासपीठावरून सांगतात आणि समोर बसलेले टाळ्या वाजवतात. झटका पाहत नसेलही. पण झटका आल्यावर पहिला ईसीजी किती वाजता निघाला, तो कोणी वाचला आणि पहिले इंजेक्शन किती वाजता टोचले गेले, या तीन गोष्टी तुमचा पत्ता आणि तुमचा पगार पाहूनच ठरतात. आणि या देशात पत्ता व पगार कशावरून ठरतात, हे या ब्लॉगच्या वाचकांना मी सांगायला नको.

याचा पुरावा कुठल्या मोर्चाच्या पत्रकात नाही. तो 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात २००८ साली छापून आला आहे. 'क्रिएट' नावाच्या त्या अभ्यासात भारतातल्या ५० शहरांतली ८९ रुग्णालये होती आणि हृदयविकाराचा तीव्र झटका घेऊन आलेले वीस हजारांहून अधिक रुग्ण होते. त्यांतल्या गरीब रुग्णांपैकी ८.२ टक्के महिनाभरात मेले, श्रीमंतांपैकी ५.५ टक्के. आता प्रस्थापित लगेच म्हणतील, गरीब लोक तंबाखू खातात, विडी ओढतात, उशिरा येतात, म्हणून मरतात. मित्रहो, संशोधकांनी नेमका हाच हिशेब करून पाहिला. रुग्णांच्या सवयी आणि आधीची तब्येत यांतला फरक वजा केला, तरी मृत्यूतली दरी तशीच राहिली. मग मिळालेल्या उपचारांतला फरक वजा केला, तेव्हा ती दरी नाहीशी झाली. गरिबांना गुठळी विरघळवणारे इंजेक्शन कमी वेळा मिळाले, साध्या गोळ्यासुद्धा कमी मिळाल्या, आणि अँजिओप्लास्टी तर श्रीमंतांत १५.३ टक्के, गरिबांत २ टक्के. म्हणजे विडीने मारले त्यापेक्षा जास्त मारले ते न दिलेल्या औषधाने.

हा अभ्यास मी मुद्दाम सुरुवातीला घेतला, कारण हृदयविकारावर बोलायचे म्हटले की आपल्याकडे 'जीवनशैली'चे कीर्तन सुरू होते. मीठ कमी खा, तेल कमी खा, पहाटे चाला, ताण घेऊ नका. पहाटे पाच वाजता झाडू हातात घेऊन रस्त्यावर उतरणाऱ्या बाईला पहाटे चालण्याचे फायदे सांगणारा माणूस एक तर मूर्ख असतो किंवा निर्लज्ज. तंबाखू वाईटच आहे, त्याविरुद्ध आपल्या वस्त्यांत काम झालेच पाहिजे, त्यावर कुणाचे दुमत नाही. पण छातीत कळ आलेल्या माणसाला त्या क्षणी उपदेशाची गरज नसते. त्याला ईसीजीची गरज असते.

आता क्षणभर वैद्यकाची गोष्ट समजून घेऊ, कारण हक्क मागायचा तर नेमके काय मागायचे ते माहीत हवे. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या धमनीत गुठळी अडकते आणि रक्त थांबते. त्या धमनीवर अवलंबून असलेला स्नायू मरू लागतो आणि मेलेला स्नायू परत येत नाही. पूर्ण अडलेल्या धमनीचा झटका ईसीजीच्या कागदावर एका ठरावीक उंचावलेल्या रेषेने बहुतेक वेळा ओळखता येतो. डॉक्टर त्याला 'स्टेमी' म्हणतात. यावर उपाय दोन. एक म्हणजे कॅथलॅबमध्ये नेऊन फुग्याने धमनी उघडायची. दुसरा म्हणजे गुठळी विरघळवणारे इंजेक्शन द्यायचे. कॅथलॅब वेळेत गाठता येत असेल तर पहिला उपाय उत्तम. येत नसेल तर आधी इंजेक्शन आणि मग पुढच्या चोवीस तासांत मोठ्या रुग्णालयात अँजिओग्राफी.

वेळेची किंमत किती? १९९६ साली 'लॅन्सेट'मध्येच जुन्या चाचण्यांचा एकत्रित हिशेब आला होता. झटका सुरू झाल्यापासून पहिल्या तासात हे इंजेक्शन दिले तर दर हजार रुग्णांमागे सुमारे ६५ जीव जास्त वाचतात. दुसऱ्या तासात दिले तर ३७. एका तासात फायदा जवळजवळ अर्धा. आणि 'क्रिएट'मध्ये निम्म्या रुग्णांना रुग्णालय गाठायला सहा तासांहून जास्त लागले होते! म्हणून जगभरचा नियम असा की छातीत दुखणाऱ्या रुग्णाचा ईसीजी पहिल्या आरोग्य कर्मचाऱ्यासमोर आल्यापासून दहा मिनिटांत निघाला पाहिजे. दहा मिनिटांत. केसपेपर काढायला जेवढा वेळ लागतो त्याहून कमी.

आता हे सगळे पिंपळे गुरवमध्ये आणून ठेवू.

समजा, सृष्टी चौकाच्या बाजूला सकाळी साडेसहाला रस्ता झाडणारी पंचेचाळिशीची एक कंत्राटी सफाई कामगार बाई आहे. तिच्या छातीत दुखत नाही. जबडा आणि पाठ जड झाली आहे, दरदरून घाम सुटला आहे, मळमळते आहे, दम लागला आहे. बायकांमध्ये झटका पुष्कळदा असाच येतो, सिनेमातल्यासारखा छातीवर हात ठेवून येत नाही. मधुमेह असणाऱ्यांचेही तसेच. ती मुकादमाला सांगते. मुकादम म्हणतो, चहा पी, बरे वाटेल. हजेरी जाईल म्हणून ती आणखी तासभर रेटते. मग मेडिकलमधून ॲसिडिटीची गोळी घेते. 'गॅस झालाय.' मग गल्लीतल्या दवाखान्यात. तिथे इंजेक्शन आणि 'संध्याकाळी बरे नाही वाटले तर या.' घरी आल्यावर चक्कर येते, तेव्हा दिराच्या दुचाकीवर मागे बसवून, दोघांच्या मध्ये धरून, नाशिक फाट्याच्या गर्दीतून संत तुकारामनगरच्या वायसीएमकडे. किंवा उलट दिशेला सांगवी फाट्याच्या औंध जिल्हा रुग्णालयाकडे. कुठे जायचे हेही घरातले वादावादी करून ठरवतात. तोपर्यंत किती वाजले?

या साखळीत मुकादम, मेडिकलवाला, गल्लीतला डॉक्टर, कुणीही राक्षस नाही. प्रत्येकाने रोज जे करतात तेच केले. साखळीत फक्त एक गोष्ट नव्हती. पहिल्या दारातच ईसीजीचे मशीन आणि तो कागद वाचणारा डोळा नव्हता.

यावर ठरलेले उत्तर असते, की एवढे हृदयरोगतज्ज्ञ आणायचे कुठून? प्रत्येक वॉर्डात कार्डिओलॉजिस्ट बसवणार का? नाही, बसवायची गरजच नाही. ईसीजी दुरून वाचता येतो, ही गोष्ट स्मार्टफोनच्या काळातली नाही. ज्या विल्यम आइंथोव्हेनने ईसीजीचे यंत्र घडवले, त्याने १९०५ साली हॉलंडमधल्या लायडन शहरात रुग्णालयातल्या रुग्णाचा ईसीजी टेलिफोनच्या तारेवरून दीड किलोमीटर दूरच्या आपल्या प्रयोगशाळेत घेऊन दाखवला. कारण काय, तर त्याचे यंत्र इतके अवजड होते की ते रुग्णालयात नेता येत नव्हते. म्हणून त्याने रुग्णाची नाडीच तारेवरून आणली. बाबासाहेब तेव्हा चौदा वर्षांचे होते. तिथून आज सव्वाशे वर्षे होत आली. पिंपळे गुरवमधल्या प्रत्येक हातात आज इंटरनेटचा फोन आहे, आणि आपल्याला सांगितले जाते की हे अवघड आहे.

अवघड असते तर गोव्याने केले नसते. २०१८ च्या अखेरीस गोव्यात 'स्टेमी-गोवा' प्रकल्प सुरू झाला. बांबोळीचे गोवा मेडिकल कॉलेज हे केंद्र, आणि त्याला जोडलेली तालुक्या-गावांतली सरकारी आरोग्य केंद्रे. केंद्रातली नर्स किंवा तंत्रज्ञ ईसीजी काढते. तो बंगळुरूच्या ट्रायकॉग कंपनीच्या यंत्रणेतून तज्ज्ञांकडे जातो. काही मिनिटांत उत्तर येते, की स्टेमी आहे किंवा नाही. असेल तर त्याच आरोग्य केंद्रातला वैद्यकीय अधिकारी, तज्ज्ञाशी फोनवर बोलत, टेनेक्टेप्लेज हे गुठळी विरघळवणारे इंजेक्शन देतो. मोफत. बाजारात याची किंमत हजारोंच्या घरात आहे, गरीब माणूस ती ऐकूनच रुग्णाला घरी नेतो. इंजेक्शन दिले की रुग्णवाहिका बांबोळीकडे निघते आणि तिकडे लोक तयार असतात.

तमिळनाडूने तर त्याच्याही आधी आकडे मोजून दाखवले. तिथे २०१२ ते २०१४ दरम्यान छोट्या रुग्णालयांना मोठ्या रुग्णालयांशी असेच जोडले. २,४२० रुग्णांची नोंद ठेवली. जोडणी करण्याआधी वर्षभरात १७.६ टक्के रुग्ण दगावत होते, जोडणीनंतर १४.२ टक्के. २०१७ साली हे 'जामा कार्डिओलॉजी'त प्रसिद्ध झाले. नवे औषध शोधले नाही. होती ती माणसे आणि होती ती रुग्णालये एका दोरीत बांधली. तेवढ्याने हे झाले.

महाराष्ट्रातही राष्ट्रीय आरोग्य अभियानातून 'स्टेमी महाराष्ट्र' नावाने हीच कल्पना काही जिल्ह्यांत उतरली, तिचे उद्घाटन-फोटो निघाले. चांगली गोष्ट आहे. पण योजना जिल्ह्यात असणे आणि ती तुमच्या वॉर्डातल्या दवाखान्याच्या टेबलावर असणे, यांत नाशिक फाट्याएवढे अंतर असते.

आता एक साधी तुलना करा. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या गोवा राज्याची लोकसंख्या १४ लाख ५८ हजार होती. पिंपरी-चिंचवड महापालिकेची १७ लाखांच्या वर. म्हणजे गोव्याहून मोठे आपले शहर. टाटा मोटर्स, बजाज, आणि पलीकडे चाकणचा सगळा पट्टा याच्या कराच्या आणि कामगारांच्या घामाच्या जिवावर आपली महापालिका 'आशियातली श्रीमंत महापालिका' म्हणून मिरवते. पिंपळे गुरवमध्ये या महापालिकेने डायनासोर उद्यान केले. माझा डायनासोरांशी काही वाद नाही, मुले खूश होतात. पण जो प्राणी साडेसहा कोटी वर्षांपूर्वी मेला त्याच्यासाठी बजेट निघते आणि जो माणूस आज सकाळी मरू घातला आहे त्याच्या दहा मिनिटांसाठी निघत नसेल, तर हा पैशाचा प्रश्न नाही. हा कुणाच्या जिवाला किती किंमत आहे याचा प्रश्न आहे. आणि जाब तरी कुणाला विचारायचा? मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढे कित्येक वर्षे शहर प्रशासकाच्या सहीवर चालले.

वैदू वस्ती घ्या. जडीबुटीची झोळी खांद्यावर घेऊन गावोगाव दुसऱ्यांना औषध देत फिरलेला हा भटका समाज. त्याचे नावच वैद्यकीवरून पडले. ज्यांच्या आज्याने लोकांच्या नाड्या पाहिल्या, त्यांच्या नातवाची नाडी पाहायला शहरात कुणी मोकळे नसावे?

'क्रिएट'ने गरिबी मोजली, जात मोजली नाही. आपल्या रुग्णालयांच्या रजिस्टरात वय असते, लिंग असते, योजनेचे कार्ड असते. पण कोणत्या समाजाचा माणूस किती वाजता आला आणि किती वाजता त्याला इंजेक्शन मिळाले, याची बेरीज कुणी करत नाही. जिथे मोजले तिथे काय दिसले? २०२२ साली अमेरिकेच्या विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात भारतातल्या नऊ राज्यांच्या पाहणीवरचा अभ्यास आला. उच्चवर्णीय हिंदूंच्या तुलनेत आदिवासींचे आयुर्मान चार वर्षांहून अधिक कमी, दलितांचे तीन वर्षांहून अधिक कमी. संपत्तीतला फरक हिशेबात धरला तरी दरी पूर्ण भरत नाही. महाराष्ट्र त्या नऊ राज्यांत नव्हता. आपल्या पुरोगामी महाराष्ट्राने स्वतःहून हा आकडा काढावा, ही मागणी आपण का करत नाही? जातनिहाय जनगणना मागताना मृत्यूची नोंदही जातनिहाय मागितली पाहिजे.

काही सुशिक्षित मित्र म्हणतील, गरिबांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे ना, पाच लाखांपर्यंत उपचार, त्यात अँजिओप्लास्टीही बसते. बसते. त्याबद्दल तक्रार नाही, ती मिळवण्यासाठी लोक झगडले आहेत. पण ही योजना सुरू कुठे होते? योजनेतल्या रुग्णालयाच्या दारात. त्या दारापर्यंतचे पाच-सहा तास कुणाच्या खात्यात? सरकार स्टेंटचे पैसे द्यायला तयार आहे, कारण स्टेंटमागे रुग्णालय आहे, कंपनी आहे, बिल आहे. वॉर्डातल्या दवाखान्यातल्या ईसीजीच्या कागदामागे कुणाचेच बिल नाही. म्हणून तो कागद कुणाच्या अजेंड्यावर येत नाही. २०१७ साली सरकारने स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली, तेव्हा कळले की राजकीय इच्छा असली की बाजार वाकतो. ती इच्छा पहिल्या तासापर्यंत पोहोचवायची आहे. आणि योजनेला नाव कुणाचे दिले आहे, ते तरी लक्षात ठेवा. १८९७ च्या प्लेगात मुंढव्याच्या महारवाड्यातल्या आजारी मुलाला पाठीवर घेऊन सावित्रीमाई डॉ. यशवंतरावांच्या ससाणे मळ्यातल्या दवाखान्यापर्यंत चालत गेल्या. त्याच साथीने १० मार्च १८९७ ला त्यांचा जीव घेतला. रुग्णाला दारापर्यंत आणण्याची जबाबदारी फुल्यांच्या घराने रुग्णावर ढकलली नव्हती.

कायदा काय म्हणतो तेही पाहू. १९९२ साली पश्चिम बंगालमध्ये एक शेतमजूर रेल्वेतून पडून डोक्याला जबर मार लागून जखमी झाला. एकामागून एका सरकारी रुग्णालयाने त्याला 'खाट नाही', 'सोय नाही' म्हणून परत पाठवले. अखेर खासगीत जाऊन त्याने पदरचे पैसे मोडले. शेतमजुरांची संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. १९९६ साली 'पश्चिम बंग खेत मजदूर समिती' खटल्यात न्यायालयाने सांगितले की आणीबाणीच्या प्रसंगी वेळेवर उपचार न देणे हा कलम २१ खालच्या जगण्याच्या हक्काचा भंग आहे, आणि पैसे नाहीत ही सबब सरकारला सांगता येणार नाही. एवढ्यावर न्यायालय थांबले नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रातच रुग्णाची प्रकृती स्थिर करण्याची सोय हवी, कुठे खाट रिकामी आहे हे कळणारी मध्यवर्ती संपर्क यंत्रणा हवी, आणि सुसज्ज रुग्णवाहिका हवी, असेही सांगितले. नीट वाचा. पहिल्या दारात उपचार, मोठ्या रुग्णालयाशी जोडणी, वाहन. गोव्याने जे केले ते सर्वोच्च न्यायालयाने तीस वर्षांपूर्वी लिहून ठेवले आहे. आपण कुणाकडे भीक मागत नाही. आपण निकालाची अंमलबजावणी मागतो.

महाराष्ट्रात धर्मादाय रुग्णालयांनाही बंधन आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेनुसार दहा टक्के खाटा निर्धनांसाठी, दहा टक्के दुर्बल घटकांसाठी, आणि आणीबाणीच्या रुग्णाकडून दाखल करताना अनामत मागता येत नाही. तरीही एप्रिल २०२५ मध्ये पुण्यातल्या एका बड्या धर्मादाय रुग्णालयाच्या दारात गर्भवतीच्या कुटुंबाकडे दहा लाखांची अनामत मागितल्याच्या आरोपाने राज्य हादरले होते. चार दिवस आंदोलने, चौकशी समित्या. मग शांतता. दारातला मृत्यू दिसतो म्हणून बातमी होते. दारापर्यंत न पोहोचलेल्याची बातमी होत नाही. त्याच्या दाखल्यावर 'हृदयक्रिया बंद पडून' असे लिहिले जाते, जणू हृदयक्रिया बंद न पडता कुणी मरतो.

चाकणच्या कामगारांविषयी थोडे बोलले पाहिजे, कारण पिंपळे गुरवच्या भाड्याच्या खोल्यांतून, दापोडी-कासारवाडीतून रोज कंपनीच्या बसने तिकडे जाणारी पोरे आपलीच आहेत. मराठवाड्यातून, विदर्भातून आलेली. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना १९४३ मध्ये प्रा. बी. पी. अदारकरांकडे कारखाना कामगारांच्या आरोग्य विम्याची आखणी सोपवली गेली. १९४४ ला अहवाल आला, आणि त्यातूनच पुढे १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा झाला. आज त्या 'ईएसआय'ची पगारमर्यादा २१ हजारांवर २०१७ पासून अडकून आहे. ओव्हरटाइमला पळणाऱ्या पोराचा मूळ पगार जरा वर गेला की तो बाहेर पडतो, आणि खासगी विम्याइतका वर मात्र तो कधीच जात नाही. त्यात सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतली दिवसाची मर्यादा ९ वरून १२ तासांवर नेण्याचा निर्णय घेतला. आठवड्याचे ४८ तास कायम आहेत म्हणे. ओव्हरटाइम कसा लिहिला जातो ते लाइनवरच्या पोरांना विचारा. जागतिक आरोग्य संघटना आणि जागतिक कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये मिळून सांगितले आहे की आठवड्याला ५५ तास किंवा अधिक काम करणाऱ्यांत हृदयविकाराने मरण्याचा धोका १७ टक्क्यांनी वाढतो. आठ तासांच्या कामासाठी बाबासाहेब झगडले त्याचे मोल आता ईसीजीच्या कागदावरही वाचता येते.

आता आपल्याच बाजूचा एक आक्षेप. तो मला प्रस्थापितांच्या आक्षेपांपेक्षा जास्त महत्त्वाचा वाटतो. चळवळीतले काही कार्यकर्ते म्हणतात, हे फोनवरचे वैद्यक म्हणजे गरिबांसाठी दुय्यम दर्जाचा माल आहे. श्रीमंताला तज्ज्ञ समोर, आपल्याला तज्ज्ञ मोबाईलवर. आणि उद्या याच बहाण्याने डॉक्टरांच्या जागा भरणार नाहीत.

दुसरा अर्धा भाग शंभर टक्के खरा आहे. सरकारचा तोच इतिहास आहे. मशीन येईल, कंत्राटी तंत्रज्ञाचा करार संपेल, मशीन कपाटात जाईल, कागदाचा रोल संपेल आणि मागणीपत्र सहा महिने फिरेल. म्हणून मागणी मशीनची करायची नाही. मागणी करायची ती दवाखान्याच्या पूर्ण वेळेत हजर असणाऱ्या कायमस्वरूपी वैद्यकीय अधिकाऱ्याची, ईसीजी काढायला शिकवलेल्या परिचारिकेची आणि फ्रीजमधल्या त्या इंजेक्शन-औषधांच्या साठ्याची. फोनवरचा तज्ज्ञ हा त्यांच्या पाठीशी उभा असला पाहिजे, त्यांच्या जागी नव्हे.

पहिला अर्धा भाग मात्र मला पटत नाही. श्रीमंताचा ईसीजीसुद्धा रात्री दोन वाजता ड्यूटीवरचा तरुण डॉक्टर काढतो आणि व्हॉट्सॲपवर मोठ्या डॉक्टरला पाठवतो. तेव्हा त्याला कुणी दुय्यम म्हणत नाही. आणि एकट्या एमबीबीएस डॉक्टरने ते इंजेक्शन धाडसाने द्यावे, असेही मी म्हणणार नाही. ते औषध दुधारी आहे. अलीकडे मेंदूत रक्तस्राव झालेल्याला, मोठी शस्त्रक्रिया झालेल्याला ते दिले तर जीव जाऊ शकतो. महाधमनी फाटली तरीही छातीत तशीच भयंकर कळ येते, आणि तिथे हे इंजेक्शन म्हणजे मृत्यूच. शिवाय पहिला ईसीजी साधा दिसला म्हणून झटका नाहीच असे नसते. थोड्या वेळाने पुन्हा काढावा लागतो, रक्ताची ट्रोपोनिन तपासणी लागते. नेमके यासाठीच तज्ज्ञाचा डोळा आणि आवाज हवा. तो नसला की गल्लीतला डॉक्टर स्वतःला वाचवतो आणि रुग्णाला 'पुढे न्या' म्हणतो. त्याला दोष देऊन काय होणार? त्याला आधार द्या, मग जाब विचारा.

मोठी यंत्रणा येईल तेव्हा येईल. आपल्या वस्त्यांत आजच सांगायचे ते सांगा. छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, कारण नसताना घाम, दम, मळमळ, पंधरा-वीस मिनिटे थांबत नसेल तर तो गॅस समजू नका. चालवू नका, जिना चढवू नका, दुचाकीवर मध्ये धरून नेऊ नका. १०८ ला फोन करा. राज्याच्या १०८ सेवेचे नियंत्रण कक्ष औंधच्या उरो रुग्णालयाच्या आवारात, म्हणजे पिंपळे गुरवच्या शेजारीच आहे. निदान त्या फोनला तरी अंतराची सबब नाही. ॲस्पिरिनची गोळी चावून खायला देतात, पण ॲलर्जी किंवा रक्तस्रावाचा त्रास असेल तर नाही, म्हणून फोनवरच विचारून घ्या. आणि व्हॉट्सॲपवर फिरणारी ती सॉर्बिट्रेटची गोळी शेजाऱ्याच्या डब्यातून काढून जिभेखाली ठेवू नका. रक्तदाब आधीच पडलेला असेल तर ती माणसाला खाली पाडते.

जयंती मंडळांनाही एक विनंती. १४ एप्रिलला आपण आरोग्य शिबिर घेतो, बीपी-शुगर तपासतो, रक्तदान करतो. या वर्षी डीजेच्या एका रात्रीच्या भाड्यात बसेल तेवढ्या खर्चात वस्तीतल्या पन्नास बायका-पोरांना झटका ओळखायला आणि छाती दाबून जीवन संजीवनी द्यायला शिकवा. सफाई कामगारांच्या हजेरी ठिकाणांपासून सुरुवात करा. मुकादमालाही बसवा.

आणि प्रत्येक वॉर्डातून माहिती अधिकाराचा एक अर्ज महापालिकेच्या वैद्यकीय विभागात गेला पाहिजे. विचारायचे ते एवढेच. आमच्या दवाखान्यात चालू स्थितीतले ईसीजी मशीन आहे का? ते चालवायला शिकलेले किती कर्मचारी आहेत, त्यांतले कायम किती, कंत्राटी किती? गेल्या बारा महिन्यांत छातीत दुखते म्हणून आलेल्या किती रुग्णांचा ईसीजी निघाला, आणि आल्यापासून किती मिनिटांत? तो कुणी वाचला? गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साठ्यात आहे का, शेवटचे कुठल्या तारखेला दिले? वायसीएमला पाठवलेल्या रुग्णाची आगाऊ सूचना दिल्याची नोंद आहे का? अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. उत्तराची मुदत तीस दिवस आहे. पण माहिती जर माणसाच्या जीविताशी संबंधित असेल तर कायद्याच्या कलम ७(१) प्रमाणे ती ४८ तासांत द्यावी लागते. अर्जाच्या डोक्यावर ते कलम लाल शाईने लिहा, आणि पोचपावतीवर तारखेबरोबर वेळही टाकून घ्या.

जय भीम!